संगणक न तपासताच ‘डेड’ ठरवल्याबद्दल तक्रार

ठाणे,
दि. १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वार्षिक देखभाल करारातील डेस्कटॉप संगणकाचे चुकीचे निदान, बावीस दिवसांचा विलंब, नियमबाह्य आकारणी आणि रॅमची एक पट्टी परत न मिळणे.

महोदय,

नौपाड्यात माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल आणि सार्वजनिक मंडळांची पावतीपुस्तके यांची अक्षरजुळणी मी गेली सव्वीस वर्षे स्वतः करते. दुकानातील मुख्य संगणकाच्या देखभालीसाठी आपल्या कंपनीशी १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या मुदतीचा करार झाला असून त्यापोटी ४,५०० रुपये आणि १८ टक्के जीएसटी असे एकूण ५,३१० रुपये मी आगाऊ भरले आहेत. सुट्या भागांची किंमत ग्राहकाची, मात्र भेट, तपासणी आणि मजुरी कंपनीची, असे करारात स्पष्ट लिहिले आहे.

हा संगणक २००९ साली जुळवून घेतलेला आहे, ही गोष्ट मी कधीही लपवलेली नाही. तो जुना असूनही मी का बाळगते, हे आपल्या तंत्रज्ञाला मी दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा त्याने ते ऐकून सोडून दिले, म्हणून येथे लिहिते. माझे जुने सगळे काम युनिकोड ही आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धती येण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये आणि पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्या फायली दुसरीकडे उघडल्या तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. ज्या सॉफ्टवेअरमुळे ते फॉन्ट चालतात, त्याचे हार्डवेअर लॉक, म्हणजे जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही असे छोटे उपकरण, संगणकाच्या मागे जुने प्रिंटर जोडण्यासाठी असलेल्या पॅरलल पोर्टमध्ये बसते आणि हल्लीच्या मदरबोर्डवर ते पोर्ट सहसा येत नाही. यूएसबीचा कन्व्हर्टर लावून पाहिला, त्याने लॉक ओळखले जात नाही. यावरच्या विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये निरोप दिला हेही मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच या संगणकाला इंटरनेटची वायर कधी जोडलेली नाही. ‘नवीन घ्या’ हा सल्ला म्हणूनच माझ्या अडचणीवरचा उपाय ठरत नाही.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवार दि. ७ जुलै रोजी, सकाळी बटण दाबल्यावर आतला पंखा अर्धा फेरा फिरून थांबला. पाच-सहा वेळा प्रयत्न केल्यावर संगणक सुरू झाला आणि दिवसभर कुरकूर न करता चालला. मंगळवारी दहा-बारा वेळा बटण दाबावे लागले. बुधवारी तो सुरूच झाला नाही, पण मदरबोर्डवरचा हिरवा दिवा मात्र जळत होता. मुख्य बटण चालू ठेवून अर्धा तास वाट पाहिली की पंखा थोडा अधिक फिरे, ही गोष्टही मी तक्रार नोंदवताना फोनवर सांगितली होती. थंड असताना अडणारा आणि तापल्यावर सुधारणारा बिघाड कोठे शोधावा, हे ज्याचा हा रोजचा धंदा आहे त्याला तरी सुचायला हवे होते.

गुरुवार दि. १० जुलै रोजी आपला तंत्रज्ञ आला. त्याने बाजूचा पत्रा उघडला, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी टोक खोडरबराने घासले, पुन्हा बसवल्या आणि बटण दाबले. पंखा अर्धा फेरा फिरला. त्यावर ‘काकू, बोर्ड गेला, आता नवीनच घ्या’ असे सांगून त्याने पत्रा लावला. या सगळ्याला बारा मिनिटे लागली. खोडरबरावर माझा आक्षेप नाही. पावसाळ्यात त्या टोकांवर थर बसतो आणि हा उपाय पुष्कळदा लागू पडतो. आक्षेप हा की त्याच्या पिशवीत व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर नव्हता आणि चाचणीसाठी दुसरा एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, तोही नव्हता. बंद पडलेला डेस्कटॉप पाहायला निघालेल्या माणसाजवळ या दोन वस्तू नसाव्यात, हे थर्मामीटर विसरून ताप पाहायला येण्यासारखे आहे.

दुसऱ्या दिवशी संगणक आपल्या वागळे इस्टेटमधील वर्कशॉपमध्ये नेण्यात आला आणि तेथे तो बावीस दिवस राहिला. नेताना दिलेल्या जॉबशीटवर ‘सीपीयू डेड’ असे लिहिले आहे. आपल्याकडे दुकानदारापासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे त्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात, तसे म्हणायचे असेल तर तो शेरा केवळ माझी तक्रारच माझ्या हाती परत देतो. प्रोसेसर म्हणायचे असेल तर तो कशावरून ठरवला, हे लिहिलेले नाही. २१ जुलै रोजी मी फोन केला तेव्हा ‘प्रोसेसर उडालाय’ असे उत्तर मिळाले आणि ३० जुलै रोजी आलेल्या अंदाजपत्रकात ‘मदरबोर्ड डेड, पार्ट उपलब्ध नाही’ असे छापलेले होते. एकाच संगणकाच्या तीन कागदोपत्री आणि तोंडी निदानांत तीन वेगवेगळ्या गोष्टी मेलेल्या आहेत आणि तिन्हींमध्ये एकाही मोजणीचा आकडा नाही. उपाय मात्र एकच सुचवला होता : बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस मिळून १८,९०० रुपये, किंवा जुना संगणक १,५०० रुपयांना एक्स्चेंजमध्ये.

दोन्ही पर्याय मी नाकारले आणि शनिवार दि. २ ऑगस्ट रोजी रिक्षाने जाऊन संगणक परत आणला. तो देण्याआधी ‘तपासणी शुल्क’ म्हणून ५०० रुपये आणि जीएसटी असे ५९० रुपये माझ्याकडून घेण्यात आले. करारात तपासणी समाविष्ट आहे हे मी काउंटरवर दाखवले, तेव्हा ‘सिस्टीममध्ये तसंच येतंय’ असे सांगण्यात आले.

यानंतरचा भाग आपल्या तांत्रिक विभागाने वाचावा, अशी विनंती आहे. ९ ऑगस्ट रोजी, राखी पौर्णिमेच्या दुपारी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ आपला मल्टिमीटर घेऊन दुकानात आले. त्यांनी एसएमपीएसची चोवीस पिनांची जोडणी मदरबोर्डवरून काढली, भार म्हणून एक जुनी हार्ड डिस्क लावली आणि यू-पिन वाकवून हिरवी व काळी वायर जोडली. या जोडणीने एसएमपीएस बोर्डाशिवाय एकटा सुरू होतो. पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट हवेत, पाच टक्के कमी-जास्त धरून किमान ११.४० तरी हवेत, तेथे १०.६ भरले. लाल वायरवर ५ व्होल्ट हवेत, किमान ४.७५, तेथे ४.५ भरले. वीस मिनिटे चालू ठेवल्यावर दोन्ही आकडे हळूहळू वर सरकू लागले. जाळीतून टॉर्चचा झोत टाकला तेव्हा आतल्या दोन कपॅसिटरांची, म्हणजे वीज साठवून ती स्थिर ठेवणाऱ्या नळकांड्यांची, सपाट असायला हवीत ती डोकी फुगून घुमटासारखी झालेली दिसली. वीज काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो, म्हणून त्यांनी तो डबा उघडला नाही आणि मलाही उघडू दिला नाही.

कपॅसिटरमधील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत गेला की तो थंड असताना आपले काम नीट करत नाही आणि तापल्यावर थोडे फार करतो. आमचा संगणक सकाळी का अडत होता आणि दिवसभर का चालत होता, याचे उत्तर एवढेच होते. सगळे व्होल्टेज मर्यादेत आले की एसएमपीएस करड्या वायरवरून ‘पॉवर गुड’ हा इशारा देतो आणि तो मिळेपर्यंत प्रोसेसर कामाला लागत नाही, त्यामुळे पडद्यावर काही येत नाही आणि बीपही वाजत नाही. आपल्या तंत्रज्ञाने बोर्ड मेला असे म्हटले, तेव्हा बोर्ड निव्वळ परवानगीची वाट पाहत बसला होता.

सोमवार दि. ११ ऑगस्ट रोजी मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवरून ४५० वॅटचा नवा एसएमपीएस १,३५० रुपयांना आणला. संध्याकाळी तो जोडला आणि संगणक पहिल्याच दाबाला सुरू झाला. बोर्ड तोच, प्रोसेसर तोच. घड्याळाची तारीख पुसली गेली होती, कारण बोर्डावरचा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, उतरलेला होता. चाळीस रुपयांचा नवा घातल्यावर तीही तक्रार मिटली.

मात्र सुरू होताना पडद्यावर मेमरी १,०२४ एमबी, म्हणजे १ जीबीच, दिसली. पत्रा उघडून पाहिले तर रॅमची एकच पट्टी जागेवर होती. आपल्या जॉबशीटवर, आपल्याच माणसाच्या अक्षरात, ‘रॅम १ जीबी × २’ अशी नोंद आहे. मी चोरीचा आरोप करत नाही. चाचणीसाठी काढलेली पट्टी टेबलावरच राहून गेली असणे शक्य आहे, पण मग ती चाचणी कोणी, कधी केली आणि तिचा निष्कर्ष काय निघाला, हे कोठे तरी लिहिलेले असले पाहिजे.

संगणक जुना आहे, त्याचे असेच होणार, हे उत्तर मला तीन वेळा मिळाले आहे. एप्रिलमध्ये करार करताना आपल्या प्रतिनिधीने संगणक उघडून पाहिला होता, फॉर्मवर २००९ हे साल स्वतः लिहिले होते आणि पैसे घेतले होते. पैसे घेताना जे वय चालले, ते काम करताना कारण म्हणून पुढे करता येणार नाही.

या काळात माझे नुकसान झाले ते नेमके हंगामात. गणेशोत्सव २७ ऑगस्टपासून आहे आणि मंडळे वर्गणीची पावतीपुस्तके जुलैतच मागतात. गेल्या वर्षीच्या फायली उघडता येत नसल्याने सहा मंडळांची पुस्तके आणि एका मंडळाचा वर्गणीदारांच्या यादीसह पूर्ण अहवाल मला चरईतील एका व्यावसायिकाकडून नव्याने टाईप करून घ्यावा लागला. त्याचे ७,२०० रुपये मी दिले असून पावत्या सोबत आहेत. दोन मंडळे दुसरीकडे गेली, त्यांचा हिशेब मी येथे मांडत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. करारबाह्य घेतलेले ५९० रुपये परत मिळावेत. डीडीआर२ प्रकारची १ जीबीची पट्टी, माझीच किंवा त्याच वेगाची दुसरी, चालू स्थितीत मिळावी. टाईपसेटिंगसाठी बाहेर द्यावे लागलेले ७,२०० रुपये भरून मिळावेत. वर्कशॉपमध्ये कोणत्या चाचण्या केल्या, याचा मोजणीच्या आकड्यांसह लेखी अहवाल मिळावा, आणि चाचण्या झाल्याच नसतील तर तसे लिहून द्यावे. हार्ड डिस्कवर ग्राहकांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक आहेत. ती बावीस दिवस आपल्या ताब्यात असताना तिची प्रत काढली गेली नाही, याचीही लेखी हमी हवी. नव्या एसएमपीएसचे आणि सेलचे पैसे मी मागत नाही, कारण करारानुसार ते मीच द्यायचे होते आणि पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते तर आनंदाने दिले असते.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागण्याची सोय या कायद्याने केलेली असल्याने आपले मुख्य कार्यालय कोठे आहे, याने फरक पडत नाही.

उत्तर कृपया लेखीच पाठवावे. फोनवर मला आतापर्यंत मिळालेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

आपली विश्वासू,
(सही)
करारधारक ग्राहक
नाव, पत्ता व करार क्रमांक सोबतच्या कराराच्या प्रतीनुसार

सोबत : देखभाल कराराची प्रत, ११ जुलैची जॉबशीट, ३० जुलैचे अंदाजपत्रक, ५९० रुपयांची पावती, एसएमपीएसचे बिल, बाहेर दिलेल्या कामाच्या पावत्या आणि मल्टिमीटरवरील आकड्यांची छायाचित्रे. जुना एसएमपीएस मी टाकून दिलेला नाही. आपल्या तांत्रिक विभागाला तो पाहायचा असल्यास दुकानात सकाळी साडेदहा ते रात्री आठपर्यंत केव्हाही यावे, येताना मल्टिमीटर आणावा.