पायाखालचा पत्रा

प्रिय लंब्या,

आठ महिने ना पत्र ना फोन. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मी थांबतो. झालं? आता ऐक. आपली गाडी खालून फुटली.

गुडघा आहे तसाच आहे, साखर आटोक्यात. पुढे.

सुरुवात धुराने झाली. निळसर धूर. मी म्हटलं, बावीस वर्षांची म्हातारी, खोकणारच. पण हजार किलोमीटरमागे लिटरभर ऑइल पिऊ लागली आणि चढावर मागचे स्कूटरवाले तोंड फिरवू लागले, तेव्हा गेलो मिस्त्रीकडे. (तोच. पेन्सिल अजून कानामागे, हिशेब अजून चुकतो.) त्याने प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. तीन सिलिंडर १५० पीएसआयच्या आसपास, चौथा ९०. मग चौथ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर काटा १३० वर. "रिंगा गेल्या," म्हणाला. पिस्टनभोवतीच्या कड्या. ऑइलने रिंगांची फट तेवढ्यापुरती बुजते म्हणून आकडा चढतो. गळती व्हॉल्व्हची असती तर फारसा फरक पडला नसता.

म्हणजे इंजिन उतरवा, बोअर करा, पिस्टन-रिंगा नव्या, आणि उतरवलंच आहे तर क्लच प्लेटही. आकडा ऐकून ही म्हणाली, "गाडी विकून तरी एवढे येतील का?" हे गणित मला पटत नाही. विकून किती येतील याची काळजी विकणाऱ्याने करावी, मला कुठे विकायची आहे? खर्च ताडायचा तो नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांशी. शिवाय नव्या गाडीची किंमत पहिल्याच वर्षी धपकन उतरते, तो तोटाही धरायचा. कागदावर मांडलं तर म्हातारी जिंकत होती. मी तर खुशीत शीळ घालत होतो.

तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, मॅट उचलून बघू. ड्रायव्हरच्या पायाखालची. तुला ती आठवत असेल, तिच्यावरचा डाग तुझा आहे. खालचा पत्रा तपकिरी, पापुद्रे सुटलेले. त्याने स्क्रू ड्रायव्हर टेकवला. दाबला नाही रे, नुसता टेकवला. मुठीपर्यंत आत. वाकून बघितलं तर भोकातून गॅरेजची फरशी आणि फरशीवर एक वायसर पडलेला.

दरवाजाखालची पट्टीही जॅक लावला की दबते. इंजिनातलं सगळं बदलून मिळतं. पण सीट आणि बेल्ट ज्या पत्र्यात आवळलेत तोच सडला तर कशाला काय धरून ठेवणार? तुकडे वेल्ड होतात म्हणे, पण आजूबाजूला धड पत्रा नसेल तर वेल्डिंग धरत नाही, आणि जोडाच्या आतल्या बाजूने गंज पुन्हा लागतो. त्यात आता पोरगा याच गाडीवर शिकतोय. एअरबॅग नाही, एबीएस नाही. आपण सात जण कोंबून घाट उतरलो होतो तेव्हा यातलं काही सुचलं होतं का?

घाटावरून आठवलं. डाव्या दरवाजाचा पोचा. हँडब्रेक तू ओढला नव्हतास. इतक्या वर्षांनी तरी कबूल कर, मी उतार होता हे कबूल करतो. तो पोचा मी कधी काढला नाही, यावरून काय ते समज.

हिला भोकाचं अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर पाच सेकंदांत निकाल लागेल, आणि तो बरोबर असेल, हीच पंचाईत आहे.

मिस्त्री म्हणतो, इंजिनाला आत्ता हातच लावू नका. गाडी लिफ्टवर घेऊ, सगळ्या मॅट काढू, चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, लांब पट्ट्या टोचून बघू. त्या धड निघाल्या तर आधी खालचा पत्रा, मग इंजिन. त्याच गेल्या असतील तर इंजिनावर पैसे घालणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी. मी नेमकं उलटं करायला निघालो होतो.

तुझ्या धाकटीला नोकरी लागली म्हणे, फार आनंद झाला. घराचं काम संपलं का? वहिनींना नमस्कार.

शनिवारी लिफ्टवर घेणार आहे. तू ये. मी एकटा असलो तर मला सगळा पत्रा चांगलाच दिसेल.

तुझा,
जाड्या

ता. क. हँडब्रेक तू ओढला नव्हतासच.