नेपाळच्या ‘साहस आणि संस्कृती’ सहलीतील त्रुटींबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
(सहल आयोजक कंपनी), अलकापुरी शाखा, वडोदरा.

विषय : दिवाळीच्या सुट्टीतील नेपाळ सहलीत कबूल केलेले कार्यक्रम वगळणे, प्रवाशांच्या जिवाला धोका होईल असा मुक्काम ठरवणे आणि परवान्याची जादा रक्कम घेणे याबाबत.

महोदय,

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या कंपनीने काढलेल्या नेपाळच्या सहलीत मी, माझे यजमान आणि माझ्या मोठ्या जाऊबाई सहभागी झालो होतो. परत आल्यावर मी आपल्या शाखेत समक्ष येऊन तक्रार केली आणि नंतर सविस्तर ईमेलही पाठवली. तिच्या उत्तरादाखल, ‘पहाडी प्रदेशात नैसर्गिक परिस्थितीमुळे कार्यक्रमात बदल होऊ शकतात’ हे बुकिंगच्या अर्जामागे छापलेले वाक्य तेवढे आपण उतरवून पाठवले आहे. ज्या देशाच्या तराईतील काही गावे समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाहीत आणि ज्याच्या उत्तर सीमेवर ८,८४८ मीटरचे सगरमाथा (एव्हरेस्ट) उभे आहे, तिथे हवेची आणि रस्त्याची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. परंतु आमच्या सहलीत जे जे बिघडले, ते इथे वडोदऱ्यात बसून कार्यक्रम आखताना किंवा तिथे पैसे वाचवताना बिघडले. त्यात निसर्गाचा हात नव्हता, आणि तेच दाखवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सर्वप्रथम मुक्तिनाथ या तीर्थक्षेत्राच्या प्रवासाविषयी. माहितीपत्रकात पोखरा ते जोमसोम (मुक्तिनाथच्या अलीकडचे विमानतळाचे गाव) विमानाने आणि परतीचा प्रवास जीपने, असे स्पष्ट छापले आहे. अन्नपूर्णा आणि धौलागिरी या दोन आठ हजार मीटरवरील शिखरांच्या मधून काली गंडकीची दरी जाते. त्या दरीतून अर्ध्या तासाच्या आत जोमसोमला पोचवणारे विमान, हेच या सहलीचे मोठे आकर्षण म्हणून आपल्या प्रतिनिधीने आम्हाला सांगितले होते. प्रत्यक्षात पोखऱ्याला आदल्या रात्री जेवणाच्या वेळी टूर मॅनेजरने ‘हवा खराब आहे, उद्याची विमाने रद्द झाली’ असे जाहीर केले. जोमसोमला दुपार होण्याआधीच दरीतून जोराचा वारा सुटतो, म्हणून तिथली विमाने सकाळीच उडतात आणि ती उडणार की नाही हे त्या सकाळी हवा पाहून ठरते. आदल्या रात्रीच विमान रद्द झाल्याची बातमी मॅनेजरला कुठून मिळाली, हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही. मुक्तिनाथच्या लॉजवर आम्हाला भेटलेले एक कुटुंब नेमके त्याच सकाळी विमानाने जोमसोमला उतरले होते आणि त्यांचे बोर्डिंग पास आम्ही डोळ्यांनी पाहिले. तेव्हा आमच्या नावाने तिकिटे मुळात काढली होती का, हा माझा पहिला प्रश्न आहे. काढली असल्यास त्यांचे क्रमांक आणि विमान कंपनीकडून मिळालेल्या परताव्याची पावती कृपया पाठवावी.

विमान नाही म्हटल्यावर जीपने जाण्याला आमची हरकत नव्हती. मात्र स्वयंपाकाच्या सामानाची गाडी आली नाही म्हणून सकाळचे कितीतरी तास पोखऱ्यातच गेले, आणि बेनी, तातोपानी, घासा असा तो खडतर रस्ता पार करेपर्यंत अंधार पडला. व्हाउचरप्रमाणे आमचा मुक्काम मार्फा या, थकाली या स्थानिक समाजाच्या गावात, सुमारे २,६५० मीटर उंचीवर, एका थकाली कुटुंबाच्या घरी होता. पांढऱ्या चुन्याची घरे, फरसबंद गल्ल्या आणि सफरचंदांच्या बागा यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. आमच्या जीप मात्र त्या गावाला वळसा घालून, कोणालाही न विचारता, थेट मुक्तिनाथच्या पायथ्याच्या राणीपौवा येथे नेण्यात आल्या, म्हणजे सुमारे ३,७०० मीटरवर. आदल्या रात्री आम्ही पोखऱ्याला होतो, आणि पोखऱ्याची उंची आठशे मीटरच्या आसपास आहे. सखल भागातून निघून एका दिवसात २,७५० मीटरच्या वर झोपायला जाऊ नये, आणि ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा विरळ हवेच्या आजाराबाबतचा सर्वमान्य वैद्यकीय सल्ला आहे. साहसी सहली विकणाऱ्या कंपनीला तो ठाऊक नसणे शक्य नाही. ‘सकाळी लवकर दर्शन आटोपले की त्याच दिवशी खाली उतरता येते,’ असे मॅनेजरने कारण दिले. आमच्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ एवढाच, की कंपनीचा एका मुक्कामाचा खर्च वाचत होता.

माझ्या जाऊबाई ६६ वर्षांच्या आहेत आणि त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे, हे बुकिंगच्या अर्जात आम्ही लिहिले होते. त्या रात्री त्यांचे डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या आणि मध्यरात्रीनंतर त्यांना खोलीतून स्वच्छतागृहापर्यंत चालतानाही धाप लागू लागली. माहितीपत्रकात ‘ऑक्सिजनची सोय सोबत’ असे लिहिलेले असताना मॅनेजरकडे सिलिंडर तर नव्हताच, पण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही नव्हता. ‘लसणाचे सूप घ्या आणि झोपा, सकाळपर्यंत बरे वाटेल,’ असा सल्ला देऊन ते स्वतः झोपायला गेले. लॉजच्या मालकीणबाईंनी, ज्यांना आम्ही सगळे दिदी म्हणत होतो, जाऊबाईंना पाहताच ‘यांना आत्ताच्या आत्ता खाली न्या’ असे सांगितले आणि चालकाला उठवून जीप मिळवून दिली. जोमसोम तिथून सुमारे हजार मीटर खाली आहे. तिथल्या रुग्णालयात ऑक्सिजन लावल्यावर आणि खालच्या हवेत आल्यावर पहाटेपर्यंत त्यांना उतार पडला. जीपचे आणि रुग्णालयाचे पैसे आम्ही भरले. त्या बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आपले मॅनेजर रुग्णालयात आले नाहीत, कारण ‘बाकीच्या ग्रुपचे दर्शन राहील’.

मुक्तिनाथच्या माथ्यावरच ५,४१६ मीटरची थोरोंग ला ही खिंड आहे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या परिसरात हिमवादळात चाळीसहून अधिक माणसे दगावली होती. अशा ठिकाणी ज्येष्ठ नागरिकांना नेताना आपल्याकडे आजारी प्रवाशाला खाली उतरवण्याची कोणतीही योजना नसावी, याचा आम्हाला अजूनही धक्का आहे. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांत, म्हणजे विष्णूच्या पवित्र स्थानांत, गणले जाणारे आणि बौद्धांनाही तितकेच पवित्र असलेले हे स्थान पाहावे, तिथल्या १०८ धारांखालून जावे, एवढ्या एका इच्छेसाठी जाऊबाई या वयात आल्या होत्या. ते दर्शन त्यांना घडले नाही, आणि त्याची भरपाई कोणत्याही रकमेने होणार नाही.

दुसरी गोष्ट भक्तपूरची, आणि व्यक्तिशः मला ती तितकीच महत्त्वाची वाटते. आमच्याकडे दत्ताची उपासना आहे; वडोदऱ्यातील अनेक मराठी घरांप्रमाणे आम्हीही गरुडेश्वरला नेमाने जातो. भक्तपूरमध्ये पंधराव्या शतकात, यक्ष मल्ल यांच्या काळात उभारलेले दत्तात्रेयाचे मंदिर आहे आणि ते एकाच झाडाच्या लाकडातून बांधले अशी तिथे परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे. आपल्या माहितीपत्रकात पाडव्याचा पूर्ण दिवस भक्तपूरसाठी ठेवला होता : सकाळी दरबार चौक, पंचावन्न खिडक्यांचा राजवाडा आणि पाच मजली न्यातपोल मंदिर, दुपारी दत्तात्रेय मंदिर आणि त्यामागच्या मठातील कोरीव मयूर खिडकी, संध्याकाळी एका नेवार कुटुंबात म्ह पूजा. कार्तिक शुद्ध प्रतिपदा हा आपल्याकडे पाडवा, गुजराती शेजाऱ्यांकडे बेसतुं वर्ष, आणि काठमांडू खोऱ्यातील नेवार समाजातही त्याच दिवशी इसवी सन ८७९ पासून चालत आलेल्या नेपाळ संवताचे नवे वर्ष सुरू होते. त्या संध्याकाळी घरातील प्रत्येकाच्या पुढ्यात जमिनीवर मंडल काढून, वाती लावून, त्या व्यक्तीच्या देहाची आणि आतल्या आत्म्याची पूजा करतात. वर्षातून एकदाच येणारा हा योग डोळ्यांसमोर ठेवूनच आम्ही ऐन दिवाळीत घर सोडून निघालो होतो, नाहीतर सणाच्या दिवशी घराला कुलूप लावणे आमच्या यजमानांना मुळीच पसंत नव्हते.

त्या दिवशी काय झाले ते आपल्या नोंदीत नसेल तर सांगते. सकाळी आम्हाला रुद्राक्ष, पश्मिना आणि शाळिग्राम विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात नेऊन दुपारपर्यंत बसवून ठेवले. त्यानंतर ‘सणामुळे वाहतूक आहे, भक्तपूरला पोचणे कठीण’ असे सांगून बस हॉटेलवर परत आणली. भक्तपूर काठमांडूपासून जेमतेम १३ किलोमीटरवर आहे. संध्याकाळी म्ह पूजेऐवजी हॉटेलच्या सभागृहात ‘दिवाळी गाला’ ठेवला होता आणि त्यात ध्वनिमुद्रित गाण्यांवर गरबा होता. नवरात्रात ज्या शहरात गरब्याच्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गाडी लावायला जागा मिळत नाही, त्या शहरातल्या माणसांना गरबा दाखवायला काठमांडूला नेण्याची कल्पना कोणाला सुचली असेल, हे कोडे आम्हाला अद्याप सुटलेले नाही. जाता जाता एक गोष्ट नमूद करते : माहितीपत्रकात ‘भक्तपूर’ या मथळ्याखाली जे छायाचित्र छापले आहे, ते पाटणच्या दगडी कृष्ण मंदिराचे आहे. संस्कृतीची सहल विकणाऱ्याला या दोन शहरांत फरक करता येत नसेल, तर भक्तपूर वगळल्याने आपले काही बिघडले असे त्यांना वाटले नाही, यात नवल नाही.

घांद्रुकबाबत थोडक्यातच लिहिते. सुमारे २,००० मीटरवरील, गुरुंग समाजाच्या या गावात पायी चढून जाणे आणि तिथे एका घरी मुक्काम, हा सहलीतील ‘साहसाचा’ भाग होता. नेपाळने एप्रिल २०२३ पासून परदेशी पदभ्रमण करणाऱ्यांसाठी परवानाधारक मार्गदर्शकाचा नियम केला आहे आणि तसा मार्गदर्शक पुरवण्याचे आपण कबूल केले होते. मार्गदर्शक आलाच नाही; जीपने वर नेऊन, फोटो काढायला थोडा वेळ देऊन त्याच संध्याकाळी आम्हाला पोखऱ्याला परत आणले. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना सहलीच्या रकमेत समाविष्ट असतानाही मॅनेजरने पोखऱ्यात प्रत्येकाकडून ३,००० नेपाळी रुपये रोख घेतले. नंतर हाती आलेल्या परवान्यावर सार्क देशांच्या नागरिकांचा १,००० नेपाळी रुपये हा दर छापलेला आहे. उरलेले २,००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले १,२५० रुपये, माणशी कुठे गेले याचा हिशेब मिळावा.

जेवणाचेही तसेच. थकाली थाळी, ढिंडो, गुंद्रुक, नेवारी चटामरी अशी नावे माहितीपत्रकात आहेत. ताटात मात्र रोज कढी-खिचडी, बटाट्याची भाजी आणि थेपले. सोबत आणलेल्या महाराजांच्या हाताला चव होती आणि ते बिचारे पहाटे चारला उठून चूल पेटवत; तक्रार त्यांच्याविषयी मुळीच नाही. ज्यांना घरचेच जेवण हवे असते त्यांच्यासाठी आपण वेगळी सहल चालवता, आणि आम्ही ती घेतलेली नव्हती.

वरील सर्व बाबी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या व्याख्यांत बसतात, असे आम्हाला वकिलांनी सांगितले आहे. म्हणून विमानाचे भाडे आणि जीपचे भाडे यांतील फरक, मार्फा आणि घांद्रुक येथील न झालेले मुक्काम, भक्तपूरचा संपूर्ण दिवस, परवान्यापोटी घेतलेली सगळी रोख रक्कम आणि जाऊबाईंच्या उपचाराचा व जीपचा खर्च, एवढे आम्हा तिघांना हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत परत करावे. उपचाराच्या रात्रीविषयी मॅनेजरचे आणि आपले लेखी स्पष्टीकरण त्यासोबत असावे. तसे न झाल्यास आम्ही वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागू. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांत शुल्कही भरावे लागत नाही, त्यामुळे हे पाऊल उचलायला आम्हाला अडचण नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी याच माहितीपत्रकावर बुकिंग सुरू असल्याचे आपल्या शाखेतील फलकावर दिसते. राणीपौव्याच्या मुक्कामाऐवजी मार्फा किंवा कागबेनी येथे किमान एक रात्र थांबण्याची सोय त्यात होईपर्यंत ज्येष्ठ नागरिकांचे बुकिंग घेऊ नये, अशी आमची मागणी आहे. यापुढील पत्रव्यवहार लेखीच करावा. फोनवरून दिलेले आश्वासन किंवा पुढच्या सहलीवरील सवलतीचे कूपन आम्ही उत्तर म्हणून स्वीकारणार नाही.

कळावे,

आपली,
(सही)
दांडिया बाजार, वडोदरा