कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात सुजलेल्या हातांवर उपचार कधी? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

माझ्या आईच्या उजव्या हातातल्या पाटल्या सोनाराकडून कापून काढाव्या लागल्या. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. काखेतल्या लसिका-गाठी काढलेल्या, वर रेडिएशन. आधी ब्लाउजची बाही उसवली, मग बोटं जड पडली. उपचार झाले तिथे विचारलं, तर उत्तर आलं, "असं होतंच, चोळत जा."

खासबागच्या कुस्ती मैदानाचं गाव आपलं. इथे चोळणं म्हणजे रगडणंच. गल्लीतल्या मावशींनी कोमट तेलानं हात रगडला, अगदी मायेनं. दोन दिवसांत हात लालबुंद, अंगात ताप, आणि आई दवाखान्यात. ज्या हातातून लसिका, म्हणजे अंगातलं पाण्यासारखं लिम्फ, नीट वाहत नाही, तिथे जंतुसंसर्ग भराभर पसरतो, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे पुण्यात एका फिजिओथेरपिस्टने लसिका निचऱ्याचं मालीश (लिम्फॅटिक ड्रेनेज) शिकवलं. त्यात तेल नाही, जोर नाही. लसिकेच्या बारीक नळ्या कातडीच्या लगेच खाली असतात, म्हणून कातडी फक्त हलकेच ताणायची. सुरुवात सुजलेल्या हातापासून नाहीच. आधी मान, मग चांगल्या बाजूची काख, मग छाती, दंड, आणि बोटं सगळ्यात शेवटी. पुढची वाट मोकळी केल्याशिवाय मागचं पाणी सरकणार कुठे? डेन्मार्कच्या व्होडर दांपत्याने 1930 च्या दशकात ही पद्धत बसवली.

नुसत्या मालिशीने भागत नाही, हेही सांगते. लगेच पट्ट्या बांधाव्या लागतात, पुढे दाबाची स्लीव्ह म्हणजे हातावर चढवायची घट्ट बाही, व्यायाम, कातडीची निगा. हातात संसर्ग असेल, रक्ताची गुठळी असेल किंवा हृदय कमजोर असेल तर हे मालीश धोक्याचं. म्हणून शिकलेलं माणूस लागतं. चेहरा बारीक करायला पार्लरमध्ये याच नावाने जे चालतं, त्याच्याशी याची गल्लत नको. हाताच्या सुजेचा हा आजार, लिम्फेडेमा, आयुष्यभर सांभाळावा लागतो. आईच्या हातात पाटल्या पुन्हा चढल्या नाहीत, पण ती भाकरी थापते.

स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर साधारण पाचांतल्या एका बाईला ही सूज येते. गडहिंग्लज-चंदगडच्या बाईने त्यासाठी दर आठवड्याला पुण्याला जायचं कसं?

साहेब, तुम्ही याच जिल्ह्याचे. सीपीआरमध्ये हे काम शिकलेला एक तरी फिजिओथेरपिस्ट द्या. ऑपरेशनआधी दोन्ही हातांची मापं टेपने घेऊन केसपेपरवर लिहायला लावा, म्हणजे सूज डोळ्यांना दिसण्याआधी कळेल. आणि पट्ट्या, स्लीव्ह मोफत मिळू द्यात. स्लीव्हचा ताण सहाएक महिन्यांत जातो, नवी घ्यावी लागते. मोलमजुरी करणाऱ्या घराला ते पेलत नाही.

हे कधी सुरू होईल, तेवढं कळवावं.

आपली,
शुक्रवार पेठेतल्या एका रुग्णाची मुलगी