वासराला ओढत रिंगणात आणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी झाली की माळव्यात पशुमेळ्यांचे आणि प्रदर्शनांचे दिवस सुरू होतात. इंदूर, देवास, उज्जैनकडचे पशुपालक हौसेने कालवडी आणि खोंडे घेऊन येतात. पण वासरांच्या गटात बहुतेक वेळा एकच दृश्य असते: दोघे जण पुढून कासरा ओढताहेत, एक मागून शेपूट पिळतो आहे आणि वासरू चारही पाय रोवून उभे आहे. पाठ सरळ आहे का, पाय कसे पडतात, परीक्षकाला काहीच कळत नाही. आयोजकांनी तारीख निदान दोन महिने आधी जाहीर करावी आणि या गटात शांत चालण्याला व उभे राहण्याला वेगळे गुण ठेवावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

दोन महिने लागतात ते वासराला मोरकीची, म्हणजे तोंडाभोवती बांधायच्या दोराची, सवय व्हायला. वासराला वेसण नको, सुती दोराची बोटभर जाड मोरकी पुरते. नाकावरचा पट्टा डोळ्यांच्या जरा खाली, हाडावर बसायला हवा. तो घसरून मऊ भागावर आला की ओढताना नाकपुड्या दाबल्या जातात, श्वास कोंडतो आणि वासरू उधळते किंवा अंग टाकते. मग लोक त्याला हट्टी ठरवतात. कासरा हनुवटीखालून डावीकडे निघावा, कारण माणूस डाव्या खांद्याशी चालतो. ओढल्यावर मोरकी आवळली पाहिजे आणि सोडल्याबरोबर सैल झाली पाहिजे. सगळी शिकवण या सैल सोडण्यात आहे. वासराने एक पाऊल टाकले की त्याच क्षणी कासरा ढिला करायचा. पाऊल टाकूनही ताण तसाच राहिला, तर त्याने दुसरे का टाकावे?

पहिले चार-पाच दिवस चालवूच नये. डोक्याच्या उंचीवर, दोन फूट दोर मोकळा ठेवून पंधरा-वीस मिनिटे बांधावे आणि जवळच थांबावे. दोर लांब राहिला तर त्यात पाय अडकतो. गाठ एका हिसक्यात सुटणारी हवी. मग चालवणे सुरू, तेही आधी पाण्याकडे आणि चाऱ्याकडे, कारण तिकडे ते आपणहून निघते. कासरा हाताला कधीही गुंडाळू नये, उधळलेले वासरू बोटे मोडते. चालणे जमले की दर दहा-बारा पावलांवर थांबवून उभे करावे: पुढचे पाय एका रेषेत, मान वर, पाठ सपाट. पाय चुकीचा पडला तर तो हाताने ओढू नये, मोरकीने वासराला अर्धे पाऊल मागे घेऊन पुन्हा पुढे आणावे. रोजची पंधरा-वीस मिनिटे पुरेत, पण खाडे नकोत. गोठ्यात रेडिओ लावून ठेवावा. लाउडस्पीकर आणि ढोल पहिल्यांदा मैदानावरच ऐकलेले वासरू शिकलेले सगळे विसरते.

अंगावरची चमक साबणाने येत नाही, खराऱ्याने येते. रोज दहा मिनिटे, आधी केसांच्या उलट दिशेने मळ सुटा करावा, मग केसांच्या दिशेने ओढावा. तोंडावर आणि पायांच्या हाडांवर फक्त मऊ ब्रश. आंघोळ आठवड्यातून एकदा, थंडीत भर दुपारी कोमट पाण्याने. कानात पाणी जाऊ देऊ नये आणि लगेच फडक्याने कोरडे करावे. साबण नीट धुतला गेला नाही तर कोंडा होतो आणि वासरू अंग घासत बसते. त्याच वेळी कानाच्या मुळाशी, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीच्या घडीत, शेपटीखाली आणि जांघेत गोचीड पाहावेत.

माळवी वासरांबद्दल थोडे जास्त लिहावेसे वाटते. पांढऱ्या अंगावर शेणा-मुताचे पिवळे डाग पडतात म्हणून लोक नीळ किंवा पावडर चोळतात. पण माळवी खोंडाच्या मानेवर, खांद्यावर आणि वशिंडावर उतरणारी करडी छटा ही जातीची खूण आहे. ती पावडरीखाली झाकली की आपणच आपले गुण घालवतो. डाग टाळायचे तर रात्री खाली कोरडा भुसा पसरावा आणि सकाळी तो बदलावा. तेल चोपडू नये, त्यावर धूळ बसते. शिंगांना ऑइलपेंट तर नकोच. वासरे एकमेकांना चाटतात, आणि रंगात शिसे असेल तर विषबाधा होते.

खुरे दोन-तीन आठवडे आधी साळावीत. शेवटच्या दिवसांत खोल कापली गेली तर वासरू रिंगणात लंगडते. लसही तीन-चार आठवडे आधीच टोचून घ्यावी. आदल्या दिवशी टोचली तर ताप येतो आणि मैदानात संरक्षणही मिळत नाही. कानातला बारा अंकी बिल्ला आणि लसीचा दाखला बरोबर ठेवावा.

खुराकात सर्वांत जास्त घोटाळे होतात. शेवटच्या आठवड्यात सरकी पेंड, गूळ, भरडा एकदम वाढवला की पोट आंबते, हगवण लागते आणि महिन्याची मेहनत मातीत जाते. बदल करायचाच तर दहा-बारा दिवसांत थोडा थोडा करावा. कालवड फार लठ्ठ करणेही घातक आहे. वयात येण्याआधी कासेत चरबी साठली की दूध तयार करणाऱ्या पेशी कमी राहतात आणि पुढे दूध घटते. प्रदर्शनाच्या सकाळी घरून नेलेला वाळला चारा द्यावा आणि रिंगणात जायच्या जरा आधी पाणी दाखवावे, म्हणजे कूस भरलेली दिसते. पोट फुगवण्यासाठी नाळक्याने (बांबूच्या नळीने) किंवा बाटलीने जबरदस्तीने पाणी पाजतात, तो प्रकार आयोजकांनी सरळ बंद करावा. पाणी फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो, आणि अशी वासरे दगावतात.

प्रत्येकाने आपली बादली न्यावी, सामाईक हौदाला तोंड लावू देऊ नये. घरी परतल्यावर वासरू तीन आठवडे इतर जनावरांपासून लांब बांधावे. लम्पी, लाळ्या-खुरकूत असे रोग मेळ्यांतूनही गोठ्यात शिरतात. मैदानाच्या फाटकावर पशुवैद्यकाची तपासणी असावी आणि बादल्या भरायला वेगळे नळ असावेत, एवढी सोय मंडपावरच्या खर्चातून सहज होण्यासारखी आहे.

आपला,
एक पशुपालक वाचक, राऊ (इंदूर)