गोड खाल्ल्यामुळे झालेला नाही

महोदय,

मी अकरावीत शिकते. नवव्या वर्षापासून मला टाइप वन मधुमेह आहे. इन्सुलिनचं पेन दप्तरात कंपासपेटीशेजारी असतं. ‘लहानपणी फार चॉकलेटं खाल्लीस का गं?’ असं लग्नाकार्यात अजून कुणीतरी विचारतं आणि आई गप्प होते. तिची काहीच चूक नाही. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते.

गेल्या गणपतीत साखर तपासून, डोस घेऊन मी उकडीचा मोदक खाल्ला, वर तुपाची धार घेऊन. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर १४८, म्हणजे आटोक्यात! आजीने तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालेला लिओनार्ड थॉम्पसन १४ वर्षांचा होता. त्याआधी या आजारात मुलं फार काळ जगत नसत. मन खचलं की मला तो मुलगा आठवतो, आणि सुई टोचताना बरं वाटतं.

शिक्षकांना एकच विनंती. साखर उतरली की हात थरथरतात, घाम फुटतो. तेव्हा तास चालू असला तरी आम्हाला ग्लुकोज खाऊ द्या, आणि वर्गासमोर कारण विचारू नका.

– एक विद्यार्थिनी, सातारा