लेकरू पेटीत आहे, आईला टेकायला जागा हवी

नमस्कार,

बीडच्या जिल्हा रुग्णालयाजवळ आमच्या महिला बचत गटाने दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. ज्यांची लेकरं दिवस भरायच्या आधीच जन्मली आणि अजून पेटीत आहेत, त्या आयांसाठी. बाळंतिणीला तीन दिवसांत सुट्टी होते, सिझेरियन असेल तर आठवड्यात. लेकरू महिना-दोन महिने आतच. पाटोद्याकडची ओली बाळंतीण रोज एसटीने कशी येणार?

उपचाराला पैसे मागत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यात तो मोफत आहे. अडतं ते दाराबाहेर.

28-30 आठवड्यांच्या लेकराला चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ जमत नाही. तोवर बारीक नळीने पोटात दूध, सुरुवातीला एका वेळी मिलिलिटर-दोन मिलिलिटर. ते आईने दर दोन-तीन तासांनी हाताने काढायचं, रात्रीसुद्धा. ऊसतोडीवरून आलेली एक पोरगी पहिल्या दिवशी रडायलाच लागली, वाटीचा नुसता तळ ओला झाला होता. सिस्टर म्हणाल्या, "अगं, आज त्याचं पोट तेवढंच आहे."

श्वास जरा स्थिरावला की लेकरू उघड्या छातीवर घेऊन लुगड्याने बांधतात. तासन् तास. बापालाही जमतं हे, फक्त आधी लाजतात.

तर मऊ, वापरलेली सुती लुगडी द्या. लोकरीच्या टोप्या विणा, मोठ्या मोसंबीला बसेल एवढ्याच. दुकानातली सगळ्यात लहान टोपीसुद्धा डोळ्यांवर येते. रात्री दोनला दूध काढून उठलेल्या बाईला भूक लागते, म्हणून डिंकाचे, अळिवाचे लाडू. खोल्यांचं भाडं महिना सात हजार आहे, त्यात जमेल तेवढा हातभार लावा.

गाडीवाल्या भावांना वेगळी विनंती. अशा लेकरांच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासावा लागतो, आणि पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा. गरज असताना वेळेत लेसर झालं नाही तर नजर जाऊ शकते. घरी गेल्यावर नेमकी हीच तारीख चुकते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांवर निघाल्या की विचारायलाच नको. महिन्यातून एक फेरी दिलीत तरी पुष्कळ.

पावडर दुधाचे डबे, बाटल्या, मध, गुटी, काजळ आणू नका. आणि "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" हेही घरीच ठेवून या. पोटात मिळालेला एकेक आठवडा लेकराला फायद्याचाच असतो. त्या आईने हे वाक्य आधीच दहा जणींकडून ऐकलेलं असतं.

खोलीवर दुपारी चारनंतर कुणी ना कुणी असतं. पैशाची पावती लगेच मिळेल. लुगडी धुऊन, उन्हात वाळवून आणा. उकळून घ्यायचं आम्ही बघतो.