आप्पा, तुम्ही इंजिन खोललं नाहीत म्हणून

आप्पा, सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातली ती दुपार तुम्हाला आठवणारही नाही. औट्रम घाट चढताना तापलेल्या गाड्या तुमच्या दाराशी नेहमीच्याच. आमची मात्र चार महिन्यांची होती, जेमतेम 6,200 किलोमीटर चाललेली. अर्ध्या घाटात काटा लाल रेघेवर गेला आणि एका पिकअपवाल्याने आम्हाला ओढून खाली चाळीसगावला, तुमच्याकडे आणून सोडलं.

"काय व्हयनं भो?" एवढं विचारलंत आणि बॉनेटला हात न लावता आधी पोरांना सावलीत बसवलंत. इंजिन पुरतं गार झाल्यावरच झाकण उघडलंत. गाडी चालू केली तर कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीत बुडबुडे. खाली एक थेंब नाही. "गळत नाही, म्हणजे इंजिनच पितंय. हेड गॅस्केट गेलं." हेड आणि ब्लॉकमधलं ते पातळ पॅकिंग फुटलं की सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आणि पाणी सिलिंडरमध्ये, हे त्या दिवशी कळलं.

मी म्हणालो, खोला, होईल तो खर्च देतो. तुम्ही मान हलवलीत. "मी पाना लावला की वॉरंटी गेली. मग म्हणतील, मिस्त्रीनेच बिघडवली." चालून आलेलं काम असं कोण सोडतं, आप्पा? वर व्हिडिओ काढायला लावलात आणि बजावलंत, शोरूममध्ये तक्रार लिहून घेतात त्या जॉब कार्डावर नुसतं 'गाडी गरम होते' नको, 'कूलंट कमी होतं' असं त्यांच्या हाताने लिहून घ्या.

शोरूमने व्हायचं तेच केलं. "उन्हाळ्यात घाटात तापणारच साहेब," म्हणत कूलंट भरून गाडी परत. मग तुम्ही फोनवर सांगितल्याप्रमाणे वही घातली: रोज सकाळी थंड इंजिनवर पातळी, किलोमीटर, किती भरलं. गावातल्या गावात, सपाटीवर, अकरा दिवसांत दीड लिटर! 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातच ग्राहक आयोगाकडे जाता येतं, तेव्हा जळगावला दाद मागू, अशी नोटीसही दिली. वहीतल्या सपाटीच्या नोंदींपुढे घाटाचं कारण टिकेना. कंपनीचा इंजिनिअर आला, प्रेशर टेस्ट झाली, हेड आणि गॅस्केट फुकट बदललं. दसऱ्याला गाडी दारात होती.

तुमचा पाच लिटरचा पाण्याचा कॅन अजून आमच्या डिकीत आहे. घरची म्हणते, भांडं रिकामं परत करू नये. भरताची वांगी आता आलीत. रविवारी बामणोदहून घेऊन येतो, कॅनसोबत.

तुमचा,
पांढऱ्या गाडीवाला